मूलपेशींचे पाचारण आणि दात्याचे रक्त : एक ऐतिहासिक समालोचन

अस्थिमज्जेच्या प्रतिरोपणाचा इतिहास सामान्यतः मूलपेशीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. ज्या एका पेशीपासून रक्तातील तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी व बिंबाणू उत्पन्न होतात, ती पेशी शोधणे, मोजणे आणि एका शरीरातून दुसऱ्या शरीरात नेणे, असा त्या कथेचा क्रम असतो. हा क्रम खोटा नाही. परंतु तो अपुरा आहे. दात्याच्या शरीरातून मूलपेशी कधीही एकट्या येत नाहीत. त्यांच्यासमवेत टी-लसिकापेशी, मोनोसाइट, वृक्षिकापेशी इत्यादी प्रतिरक्षेच्या पेशीही येतात, आणि रुग्ण जगेल की नाही ह्याचा निर्णय पुष्कळदा ह्या सोबतच्या पेशीच करतात.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मूलपेशी मिळविण्याची रीत पालटली. पूर्वी दात्यास भूल देऊन त्याच्या कटिभागाच्या हाडातून मज्जा शोषून घेत असत. आता बहुधा दात्यास चार-पाच दिवस एक औषध टोचतात. त्यायोगे मज्जेतील मूलपेशी रक्तप्रवाहात उतरतात व तेथून त्या यंत्राने वेगळ्या काढल्या जातात. इंग्रजीत ह्या उपचारास ‘मोबिलायझेशन’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यास ‘पाचारण’ असे म्हटले आहे. मूलपेशींना पाचारण करण्यासाठी दिलेल्या औषधाने दात्याच्या रक्तातील प्रतिरक्षापेशींवर काय परिणाम झाला, आणि तो परिणाम संशोधकांच्या ध्यानी कोणत्या क्रमाने आला, ह्याचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

१

ह्या विषयाचा आरंभ रुग्णालयात झाला नाही. तो किरणोत्सर्गाच्या भीतीतून झाला. हिरोशिमा व नागासाकी येथील १९४५ च्या अणुस्फोटांनंतर, किरणांमुळे रक्तोत्पादन कसे नष्ट होते व ते पुनः कसे सुरू करता येईल, हा प्रश्न अनेक प्रयोगशाळांनी हाती घेतला. शिकागो येथे लिऑन जेकबसन ह्यांनी १९४९ मध्ये असे दाखविले की, उंदराची प्लीहा शिशाच्या आवरणाखाली झाकली असता एरवी मारक ठरणारी किरणमात्रा तो सहन करू शकतो. १९५१ मध्ये एगॉन लॉरेन्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी मज्जा टोचूनही हेच साधते असे सिद्ध केले. हे संरक्षण एखाद्या द्रवरूप घटकामुळे मिळते की प्रत्यक्ष पेशींमुळे, ह्याविषयी काही वर्षे वाद चालला. इंग्लंडमधील हारवेल येथे फोर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये गुणसूत्रावरील खुणेच्या साहाय्याने त्याचा निकाल लावला: वाचलेल्या उंदरांच्या मज्जेत दात्याच्याच पेशी नांदत होत्या.

त्याच वर्षी, त्याच हारवेलमध्ये, बार्न्स व लाउटिट ह्यांच्या गटाने रक्तकर्क झालेल्या उंदरांना किरणे देऊन परकी मज्जा टोचली. किरणांतून वाचलेल्या कर्कपेशींचा नाश ह्या परक्या मज्जेच्या प्रतिरक्षा-प्रतिक्रियेने होऊ शकेल, ही कल्पना त्यांनी त्या वेळीच मांडली होती. ह्याचीच दुसरी बाजू अशी की, परकी मज्जा मिळालेले प्राणी किरणांतून वाचूनही पुढे रोडावत जात, त्यांची त्वचा व आतडी बिघडत आणि अखेर ते मरत. दात्याच्या पेशी यजमानाच्या ऊतींना परके मानून त्यांवर हल्ला करतात, असे ह्या ‘दुय्यम आजारा’चे कारण निघाले. ह्यासच आज प्रतिरोप-यजमान विकार म्हणतात. रूपर्ट बिलिंगहॅम ह्यांनी १९६६ च्या सुमारास ह्या विकाराच्या तीन अटी सांगितल्या: प्रतिरोपात प्रतिरक्षाक्षम पेशी असल्या पाहिजेत, दात्यात नसलेली प्रतिजने यजमानात असली पाहिजेत, आणि यजमान प्रतिरोप झिडकारण्यास असमर्थ असला पाहिजे.

म्हणजे विषयाच्या शैशवावस्थेतच दोन गोष्टी कळून चुकल्या होत्या. मूलपेशी जीवन देते. आणि तिच्या सोबतची लसिकापेशी रोगही नष्ट करते व रोग्यासही ग्रासते. टोरांटो येथे टिल व मॅक्कलक ह्यांनी १९६१ मध्ये उंदरांच्या प्लीहेतील पेशीसमूह मोजून मूलपेशीच्या अभ्यासास परिमाण मिळवून दिले, तेव्हापासून मात्र लक्ष मुख्यतः पहिल्या गोष्टीकडे वळले. जे मोजता येते तेच महत्त्वाचे वाटू लागते, हा शास्त्रेतिहासातील परिचित अनुभव होय.

मानवी उपचारांतही तसेच घडले. डॉनल थॉमस ह्यांनी १९५७ मध्ये रुग्णांना शिरेवाटे मज्जा दिल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांना १९९० चे नोबेल पारितोषिक जोसेफ मरे ह्यांच्यासमवेत मिळाले. मधल्या तेहतीस वर्षांतील अपयशाचा मोठा भाग मूलपेशींच्या अभावामुळे आलेला नव्हता. तो प्रतिरक्षेच्या संघर्षातून आला होता. भारतात मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये पहिले यशस्वी मज्जा-प्रतिरोपण केले. तेव्हाही पाचारणाचे औषध उपलब्ध नव्हते. मज्जा हाडातूनच काढावी लागे.

२

मूलपेशी रक्तातही अल्प प्रमाणात फिरत असतात, हे गुडमन व हॉजसन ह्यांनी १९६२ मध्ये उंदरांत दाखविले होते. परंतु त्यांची संख्या इतकी तुटपुंजी असते की, त्या ज्ञानाचा व्यवहारात काही उपयोग नव्हता. उपयोग होण्यास तीन गोष्टी जुळून याव्या लागल्या.

पहिली गोष्ट यंत्राची. रक्त शरीराबाहेर आणून, त्यातील पांढऱ्या पेशी वेगळ्या करून उरलेले रक्त परत देणारे सलग चालणारे यंत्र अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत १९६५ च्या सुमारास तयार झाले. आयबीएम कंपनीचे अभियंते जॉर्ज जडसन ह्यांनी त्यासाठी डॉक्टरांबरोबर काम केले; त्यांच्या मुलास रक्तकर्क झाला होता, हे त्यामागील कारण होते. दुसरी गोष्ट निरीक्षणाची. १९७६ मध्ये रिचमन व सहकाऱ्यांनी असे नोंदविले की, कर्करोगावरील रासायनिक औषधांनंतर मज्जा पूर्ववत होऊ लागते त्या काळात रुग्णाच्या रक्तातील मूलपेशी-सदृश पेशी अनेक पटींनी वाढतात. ह्या निरीक्षणाच्या आधारे १९८० नंतरच्या दशकात ॲडलेड, हायडलबर्ग, बोर्दो, ओमाहा इत्यादी ठिकाणी रुग्णाच्या स्वतःच्या रक्तातील मूलपेशी साठवून त्यालाच परत देण्याचे प्रयत्न झाले. मात्र निरोगी दात्यास विषारी रसायने देणे कोणत्याही नीतीत बसणारे नव्हते.

म्हणून तिसरी गोष्ट निर्णायक ठरली. पांढऱ्या पेशींपैकी कणपेशींची वाढ घडविणारा जी-सीएसएफ हा घटक मेलबर्न येथील मेटकाफ व निकोला ह्यांच्या गटाने १९८३ मध्ये उंदरापासून शुद्ध केला. १९८५ मध्ये वेल्ट व सहकाऱ्यांनी मानवी घटक शुद्ध केला, आणि १९८६ मध्ये त्याचे जनुक जपान व अमेरिका येथे स्वतंत्रपणे हाती आले. रासायनिक उपचारांनंतर कणपेशी लवकर भरून याव्यात, एवढाच ह्या औषधाचा मूळ हेतू होता. परंतु मेलबर्न येथेच ड्यूर्सन व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये असे दाखविले की, हे औषध घेतलेल्या रुग्णांच्या रक्तात केवळ कणपेशी वाढत नाहीत, तर पूर्वजपेशीही मोठ्या संख्येने उतरतात. कर्ट सिव्हिन ह्यांनी १९८४ मध्ये शोधलेल्या सीडी-३४ ह्या पृष्ठचिन्हामुळे अशा पेशींची गणना काही तासांत होऊ लागली. यंत्र, औषध व गणनेचे साधन अशी तिन्ही अंगे सिद्ध झाली.

३

आता फक्त निरोगी दात्याचे पाचारित रक्त परक्या रुग्णास देणे बाकी होते. आणि तेथेच पाऊल अडखळत होते. यंत्राने गोळा केलेल्या अशा रक्तात मज्जेच्या तुलनेत टी-लसिकापेशी सुमारे दहापट असतात. बिलिंगहॅम ह्यांच्या पहिल्या अटीप्रमाणे पाहता, दहापट टी-पेशी म्हणजे भयंकर प्रतिरोप-यजमान विकारास आमंत्रण, असाच निष्कर्ष निघत होता. १९८९ मध्ये ओमाहा येथे केसिंजर व सहकाऱ्यांनी दात्याच्या रक्तपेशींचे प्रतिरोपण एका रुग्णात केले, तेव्हा त्यांनी आधी टी-पेशी काढून टाकल्या होत्या.

टी-पेशी सरसकट काढून टाकणे हाही मार्ग निर्धोक नव्हता. १९७९ मध्ये सिॲटल येथील वायडन व सहकाऱ्यांना असे आढळले होते की, प्रतिरोप-यजमान विकार झालेल्या रुग्णांत रक्तकर्क उलटण्याचे प्रमाण कमी असते. १९९० मध्ये हॉरोविट्झ व सहकाऱ्यांनी २,२५४ रुग्णांच्या नोंदी तपासून ह्यास भक्कम आधार दिला: टी-पेशी काढलेली मज्जा किंवा एकसारख्या जुळ्या भावंडाची मज्जा मिळालेल्यांत रोग अधिक वेळा उलटत होता. टी-पेशी ठेवाव्या तर विकाराचे भय. काढाव्या तर कर्कपेशींना मोकळे रान.

ह्या पार्श्वभूमीवर १९९५ मध्ये ‘ब्लड’ ह्या नियतकालिकात सिॲटल, ह्यूस्टन व कील येथील तीन गटांचे वृत्तांत जवळजवळ एकाच वेळी प्रसिद्ध झाले. निरोगी भावंडांना जी-सीएसएफ देऊन गोळा केलेल्या पेशी, टी-पेशी न काढता, रुग्णांना दिल्या होत्या. पेशींची रुजवण लवकर झाली. आणि ज्याची धास्ती होती तो तीव्र स्वरूपाचा विकार टी-पेशींच्या संख्येच्या प्रमाणात वाढला नाही. मज्जेनंतर जितका दिसे, साधारण तितकाच तो दिसला.

दहापट कारणाचे दहापट कार्य का झाले नाही? संख्या तीच असून पेशींचा स्वभाव पालटला असेल काय? येथून संशोधनाची दिशा बदलली.

४

पहिले उत्तर उंदरांतून आले. पॅन, फेरारा व सहकाऱ्यांनी १९९५ मध्येच दाखविले की, दाता उंदरास आधी जी-सीएसएफ दिल्यास त्याच्या टी-पेशी वेगळ्या प्रकारचे सायटोकाइन स्रवू लागतात, आणि त्यांच्यामुळे होणारा विकार सौम्य असतो. ह्या निष्कर्षाचा अर्थ लावण्यास मॉसमन व कॉफमन ह्यांचा १९८६ मधील सिद्धांत उपयोगी पडला. त्यानुसार साहाय्यक टी-पेशींचे दोन मुख्य प्रकार असतात: पहिला प्रकार गामा-इंटरफेरॉन स्रवून दाहक प्रतिक्रिया चेतवितो, तर दुसरा इंटरल्यूकिन-४ सारखी द्रव्ये स्रवून वेगळे वळण देतो. जी-सीएसएफने टी-पेशींचा कल दुसऱ्या प्रकाराकडे झुकविला होता.

दुसरे उत्तर मोनोसाइटचे. जी-सीएसएफने कणपेशींबरोबर मोनोसाइटही पुष्कळ वाढतात. सिॲटल येथील मीलकारेक, मार्टिन व टोरोक-स्टॉर्ब ह्यांनी १९९७ मध्ये असे दाखविले की, पाचारित रक्तातील सीडी-१४ चिन्हाचे मोनोसाइट हे टी-पेशींची परक्या प्रतिजनाविरुद्ध होणारी वाढ दडपतात. म्हणजे दहापट टी-पेशी आल्या खऱ्या, परंतु त्यांच्यावर अंकुश ठेवणाऱ्या पेशीही त्याच पिशवीतून आल्या होत्या.

तिसरे उत्तर वृक्षिकापेशींचे. राल्फ स्टाइनमन ह्यांनी १९७३ मध्ये वर्णिलेल्या ह्या पेशी टी-पेशींसमोर प्रतिजन मांडतात व त्यांना कोणत्या दिशेने जावयाचे ते सुचवितात. ह्या शोधासाठी त्यांना २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अर्पिनाती, अनासेत्ती व सहकाऱ्यांनी २००० मध्ये निरोगी दात्यांचे रक्त जी-सीएसएफपूर्वी व नंतर तपासले. टी-पेशींना दुसऱ्या प्रकाराकडे वळविणाऱ्या वृक्षिकापेशींची संख्या सुमारे पाचपट झालेली आढळली. पहिल्या प्रकाराकडे वळविणाऱ्यांची संख्या मात्र तशी वाढली नव्हती.

पुढील काही वर्षांत ह्या चित्रात आणखी रेषा भरल्या गेल्या. रुटेला व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये असे मांडले की, जी-सीएसएफच्या प्रभावाखाली इंटरल्यूकिन-१० स्रवणाऱ्या नियामक टी-पेशी निर्माण होऊ शकतात. जी-सीएसएफ टी-पेशींवर केवळ अप्रत्यक्षपणे कार्य करते, असा तोवर बहुतेकांचा समज होता. फ्रांझ्के व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये टी-पेशींवरही ह्या घटकाचे ग्राहक प्रकट होऊ शकतात व औषध त्यांना थेट वळण देऊ शकते, असे दाखविले. नैसर्गिक मारक पेशींचे कार्यही पाचारणानंतर काहीसे मंदावलेले आढळते.

ह्याच काळात पाचारणाची यंत्रणाही उलगडत गेली. मज्जेतील आधारपेशी सीएक्ससीएल-१२ हे आकर्षक द्रव्य स्रवतात व मूलपेशी आपल्या पृष्ठावरील सीएक्ससीआर-४ ह्या ग्राहकाने त्यास बांधून राहतात. जी-सीएसएफने मज्जेतील हे द्रव्य घटते. कणपेशींची विकरे पेशींचे धरबंध तोडतात. मज्जेतील भक्षिपेशींचा आधार कमी होतो. आणि २००६ मध्ये कातायामा व फ्रेनेट ह्यांच्या गटाने दाखविल्याप्रमाणे अनुकंपी मज्जातंतूंचाही त्यात भाग असतो. तात्पर्य, जी-सीएसएफ मूलपेशीस थेट हाक मारीत नाही. ते मज्जेचे सारे अंतर्गत वातावरणच ढवळून काढते आणि मूलपेशी त्या ढवळण्यातून बाहेर पडते. अशा ढवळण्यात प्रतिरक्षापेशी अलिप्त राहतील, ही अपेक्षाच मुळात अवास्तव होती.

५

येथे कथा संपली असती तर ती सुखान्त ठरली असती: औषधाने पेशी आणल्या आणि त्यांना सौम्यही केले. परंतु रुग्णांची वर्षे उलटत गेली तसे दुसरे चित्र दिसू लागले. बेन्सिंजर व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये १७२ रुग्णांवरील तुलनात्मक चाचणी प्रसिद्ध केली. तीत रक्तपेशी मिळालेल्यांत रुजवण लवकर झाली होती व रोगमुक्त जीवित अधिक होते. २००५ मध्ये नऊ चाचण्यांतील १,१११ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. भावंडांच्या पाचारित रक्तामुळे रोग उलटण्याचे प्रमाण घटले होते. परंतु तीव्र विकाराच्या गंभीर श्रेणी काही प्रमाणात वाढल्या होत्या, आणि जीर्ण स्वरूपाचा प्रतिरोप-यजमान विकार स्पष्टपणे अधिक होता. जीवितातील लाभ प्रामुख्याने पुढच्या अवस्थेतील रोग असलेल्यांतच दिसला.

नातेसंबंध नसलेल्या दात्यांविषयीचा निर्णायक पुरावा २०१२ मध्ये आला. अनासेत्ती व सहकाऱ्यांनी ५५१ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले. दोन वर्षांअखेर जिवंत राहिलेल्यांचे प्रमाण रक्तपेशींच्या गटात ५१ टक्के व मज्जेच्या गटात ४६ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या महत्त्वाचा नव्हता. प्रतिरोप न रुजण्याचे प्रमाण रक्तपेशींत ३ टक्के, तर मज्जेत ९ टक्के होते. जीर्ण विकार मात्र रक्तपेशींच्या गटात ५३ टक्के व मज्जेच्या गटात ४१ टक्के रुग्णांना झाला. जीर्ण विकार म्हणजे केवळ आकडा नव्हे. कोरडे पडलेले डोळे, ताठर होत जाणारी त्वचा, आकसणारी फुप्फुसे, आणि वर्षानुवर्षे घ्यावी लागणारी प्रतिरक्षा दडपणारी औषधे असा त्याचा अर्थ असतो. ज्या अनासेत्ती ह्यांच्या गटाने बारा वर्षांपूर्वी औषधाचा सौम्य परिणाम वृक्षिकापेशींत पाहिला होता, त्याच संशोधकाच्या चाचणीने त्या सौम्यपणाची मर्यादाही दाखविली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मग औषधाचा परिणाम खोटा होता काय? तसे म्हणता येत नाही. मॉर्टन व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रेलियात केलेली एक छोटी चाचणी ह्या दृष्टीने बोधप्रद आहे. तीत दोन्ही गटांतील दात्यांना जी-सीएसएफ दिले होते. मात्र एका गटात पेशी रक्तातून घेतल्या व दुसऱ्यात औषधाने प्रभावित झालेली मज्जाच काढली. रुजवण तुल्य होती. जीर्ण विकार मज्जेच्या गटात कमी होता. औषध तेच, परंतु टी-पेशींची संख्या निराळी. ह्यावरून स्वभाव व संख्या ही दोन स्वतंत्र कारणे असून त्यांचे परिणाम वेगवेगळ्या काळी प्रकट होत असावेत, असा तर्क करता येतो; ह्या एका छोट्या चाचणीने तो सिद्ध मात्र होत नाही. औषधाने टी-पेशींना दिलेले वळण कदाचित काही काळच टिकत असावे. पुढे त्याचा प्रभाव ओसरल्यावर संख्येचे पारडे जड होत असावे. बीजिंग येथे ह्वांग शियाओजुन ह्यांच्या गटाने अर्ध्या जुळणाऱ्या नातेवाइकांची जी-सीएसएफ-प्रभावित मज्जा व रक्तपेशी एकत्र देण्याची जी पद्धती रूढ केली, तीही औषधाच्या ह्याच परिणामाचा बुद्धिपुरस्सर उपयोग करते.

६

एखाद्या कारणाचा परिणाम नेमका ओळखावयाचा तर तेच कार्य दुसऱ्या कारणाने घडवून पाहावे लागते. तशी संधी प्लेरिक्सॅफॉर ह्या औषधाने दिली. मूळ शोध एड्सच्या विषाणूविरुद्ध चालला होता. विषाणू पेशीत शिरताना ज्या सीएक्ससीआर-४ ग्राहकाचा आधार घेतो, तो अडविण्याचा उद्देश होता. निरोगी स्वयंसेवकांना ते दिले असता त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी अनपेक्षितपणे वाढल्या, आणि त्यातून त्याचा नवा उपयोग ध्यानी आला. २००८ च्या डिसेंबरात अमेरिकेत त्यास, रुग्णाच्या स्वतःच्या मूलपेशी गोळा करण्यासाठी जी-सीएसएफच्या जोडीने वापरण्यास, मान्यता मिळाली.

हे औषध मज्जा ढवळीत नाही. ते मूलपेशीची मिठी थेट सोडविते व काही तासांतच तिला रक्तात आणते. तोच ग्राहक लसिकापेशींवरही असल्याने टी-पेशी मोठ्या संख्येने रक्तात येतात. परंतु प्राण्यांवरील प्रयोगांत त्यांच्या सायटोकाइन-स्वभावात जी-सीएसएफने घडतो तसा पालट दिसला नाही. म्हणजे दोन औषधांनी मूलपेशी सारख्याच मिळाल्या तरी सोबतचे प्रतिरक्षादल सारखे नसते. ‘पुरेशा सीडी-३४ पेशी मिळाल्या’ एवढ्या नोंदीने दोन पिशव्या समान ठरत नाहीत, हा ह्या तुलनेचा धडा होय.

अलीकडच्या काळात प्रश्नाची मांडणी आणखी पुढे गेली आहे. प्रतिरोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड देऊन चेतलेल्या टी-पेशी वेचून मारण्याची बाल्टिमोर येथे विकसित झालेली पद्धती, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत जुन्या प्रतिबंधक उपायांपेक्षा सरस ठरली. त्या चाचणीतील प्रतिरोप पाचारित रक्ताचेच होते. दात्याच्या पेशींचा स्वभाव आधी पालटण्याऐवजी रुग्णाच्या शरीरात गेल्यावर त्यांतील उपद्रवी तेवढ्या काढून टाकणे, असे ह्या उपायाचे तत्त्व आहे.

ह्या सर्व इतिहासात दात्याचा विचार मात्र मागे राहू नये. हाडे दुखणे, डोके दुखणे, थकवा ही कुरकूर बहुतेक दात्यांना काही दिवस होते. प्लीहा फाटण्यासारखा धोका अत्यंत विरळा, परंतु नोंदलेला आहे. जो मनुष्य स्वतः आजारी नाही, ज्यास ह्या औषधापासून कोणताही लाभ नाही, त्याच्या शरीरातील प्रतिरक्षेची घडी दुसऱ्यासाठी काही दिवस पालटली जाते. ती पुनः बसते, हे खरे. तरी ‘फक्त मूलपेशी काढून घेतो’ असे त्यास सांगणे वस्तुस्थितीस धरून नाही. संमतिपत्रावरील त्या वाक्याची भाषा अधिक अचूक होणे आवश्यक आहे.

बार्न्स व लाउटिट ह्यांनी १९५६ मध्ये जे अनुमान केले होते, त्याचा अर्थ पुरता कळण्यास अर्धशतक लागले. प्रतिरोपण हे मूलपेशींचे असते तितकेच ते प्रतिरक्षेचे असते. आपल्या विभागातील ज्या विद्यार्थ्यांना ह्या विषयात काम करावयाचे असेल, त्यांनी पाचारित रक्ताची तपासणी करताना सीडी-३४ च्या रकान्याशेजारी टी-पेशी, मोनोसाइट व वृक्षिकापेशी ह्यांचेही रकाने आखावेत, आणि संख्येइतकीच त्यांच्या स्वभावाची नोंद ठेवावी. मज्जा घ्यावी की रक्त, आणि कोणत्या औषधाने पाचारण करावे, ह्यांचा निर्णय प्रत्येक रुग्णागणिक ह्याच रकान्यांवरून करावा लागणार आहे.